आगीचं उष्टं

पत्रक कसं लिहायचं ते मला आमच्या संघटनेतल्या ताईंनी शिकवलं. एका पानात एक मागणी आणि एकच शत्रू. "दोन शत्रू ठेवलेस ना, तर वाचणारा त्याच कागदावर भजी खातो," असं त्या म्हणायच्या. मी ते इतकं मनावर घेतलं की शत्रू शोधता शोधता स्वतःच्या बापावर बोट ठेवलं आणि कागद छापून वाटून झाला तरी मला पत्ता नव्हता.

माझे पप्पा ट्रकचे मिस्त्री. मुलुंडला चेक नाक्याच्या अलीकडे नाल्याच्या काठाने एक लांब भिंत जाते, तिच्या सावलीला चार मिस्त्री बसतात. पाटी नाही, शटर नाही. प्रत्येकाची एक लोखंडी पेटी, जॅक, ताडपत्री आणि समोर तोंड उघडून उभा असलेला ट्रक. भिंतीपलीकडे पूर्वी गोदाम होतं, आता टॉवर आहे.

त्या हिवाळ्यात आम्ही हवेच्या प्रश्नावर काम करत होतो. नाक्याजवळच्या शाळेतली पोरं दिवसभर खोकत होती. मी आठ दिवस रस्त्याकडेला उभी राहिले. जिथे सगळ्यात जास्त काळा धूर दिसला, ती जागा नेमकी तीच भिंत. पप्पा तिथे बसतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या डोक्यात ट्रकमालक होते, एसीत बसणारे. मिस्त्री माझ्या हिशोबातच नव्हते. मी लिहिलं: "भिंतीलगतचे ट्रक हटवा! हा अड्डा आमच्या मुलांचा श्वास खातोय!" अड्डा हा शब्द मला फार आवडला होता. ताईंनाही आवडला.

टॉवरवाल्यांना तर सगळ्यात जास्त आवडला. त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझं पत्रक तक्रारीला जोडलं आणि महिन्याभरात चार मिस्त्र्यांच्या हातात पालिकेची नोटीस आली. जागा रिकामी करा. त्याआधी साहेब येऊन पाहणी करतील, काय सांगायचं ते तेव्हा सांगा. नोटिशीत 'अड्डा' हा माझाच शब्द होता.

आम्ही भांडुपला टेकडीवर राहतो. आमच्या वस्तीच्या वायरीला गिझर झेपत नाही, म्हणून दाराबाहेर तांब्याचा बंब आहे. मुंबईत थंडी कुठली, असं म्हणणाऱ्यांनी जानेवारीत सकाळी साडेपाचला टेकडीवर येऊन गार पाण्याचा एक तांब्या अंगावर घ्यावा आणि मग बोलावं. बंब पप्पाच पेटवतात. ट्रकच्या बॉडीच्या मोडक्या फळ्या ते घरी आणतात, आणि वाळलेल्या, रंग नसलेल्या तेवढ्याच घेतात.

नोटीस आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्यासाठी बाहेर आले, तर पप्पा बंबापुढे उकिडवे बसून माझं पत्रक वाचत होते. कागदावर ऑइलचा अंगठा उठला होता.

"मराठी चांगलं लिहितेस," ते म्हणाले. "पण धुरातलं तुला काही कळत नाही."

दुसरी कुणी मुलगी असती तर इथे रडली असती. मी भांडले. म्हटलं, "पप्पा, धूर तो धूर. त्यात कळायचं काय?"

आतून आई म्हणाली, "त्याच धुरावर तुझी फी भरली गं बाई. तेव्हा नाही विचारलंस कुठला धूर ते."

पप्पांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी बादलीतून एक ओली फळी उचलून बंबात सरकवली. पांढरा धूर आला, डोळ्यांत गेला. "हा पाण्याचा." ती काढून त्यांनी निळ्या ऑइलपेंटचा एक तुकडा टाकला. काळा, उग्र धूर. तो चिमट्याने लगेच बाहेर काढून त्यांनी मातीत दाबला. मग खालची राख ओढून काढली, वाळकी बारीक लाकडं सुटी सुटी रचली, आणि दोन मिनिटांनी बंबाच्या नळीच्या तोंडाशी फक्त हवा थरथरताना दिसायला लागली. धूर नाही.

"आग भुकेली असते," पप्पा म्हणाले. "तिला हवा पुरली नाही की अर्धवट खाते आणि उरलेलं टाकते. धूर म्हणजे आगीचं उष्टं. इंजिनचं पण तेच. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे इंजिन गार आहे, नाहीतर पाणी शिरलंय. कुठला धूर आहे ते बघून मी ट्रकच्या खाली जातो. तू नुसतं 'धूर' लिहिलंस."

"जो दिसत नाही तो पण असतो पप्पा. हवा मोजायच्या मशीनवर येतो."

"असेल. ते तुमच्या मशीनला विचारा. दिसतो तो तरी आधी बंद करू की."

मी बादली भरून आत निघून गेले. हरले की मी चिडते. त्या रविवारी मी चिडूनच त्यांच्याबरोबर भिंतीपाशी गेले.

तिथे पप्पांशेजारी एक काका बसतात, गेली पंधरा वर्षं फक्त नॉझल करतात. नॉझल म्हणजे इंजिनमध्ये डिझेल फवारणारा भाग, बोटाएवढा. मला बघितल्या बघितल्या काका ओरडले, "आली बघ आपली नोटीस! ए नोटीस, चहा घेणार का कटिंग?"

"घेते," मी म्हटलं. माझं तोंड कधी नव्हे ते लहान झालं होतं.

"घे. अड्ड्यावरचा आहे, श्वास सांभाळ."

हसले सगळे. मीही हसले, दुसरं काय करणार! मग काकांनी मला एक जुनी नॉझल टेस्टरवर लावून दाखवली. हँडल दाबलं तर टोकाशी थेंब जमून टपकला. दुसरी लावली आणि हँडल दाबलं, तर बारीक धुकं उडालं, मोगऱ्यावर पाणी मारतात तसं. "धुकं पडलं तर जळतं," काका म्हणाले. "थेंब पडला की काळा धूर, आणि मग तुझं पत्रक."

दिवसभर मी तिथेच बसले. त्या दिवशी मला माझ्या बापाचं काम पहिल्यांदा दिसलं, हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. काम झालं की पप्पा पांढरा सुती रुमाल काठीला बांधून सायलेन्सरच्या तोंडाशी धरतात आणि ड्रायव्हरला रेस द्यायला सांगतात. मग तो रुमाल ड्रायव्हरच्या हातात देतात. काळा डाग पडला तर ट्रक सोडत नाहीत. ड्रायव्हर म्हणतो, "उस्ताद, चलेगा ना," आणि पप्पा म्हणतात, "नहीं चलेगा," आणि परत खाली शिरतात. हा नियम त्यांना कोणी घालून दिलेला नाही. कुठल्या कायद्यात नाही, कुठल्या संघटनेच्या मागणीपत्रकात नाही. आम्ही सभागृहात बसून स्वच्छ हवेवर ठराव करत होतो तेव्हा हा माणूस नाल्याकाठी उताणा पडून ती स्वच्छ करत होता.

दुपारी एक मालक नवा ट्रक घेऊन आला. नव्या ट्रकांना धूर गाळणारी जाळी असते आणि युरियाची वेगळी टाकी. युरियाचा खर्च वाचतो, ते सगळं बंद करून द्या, पुष्कळ जण करून देतात, असं तो म्हणाला. पप्पांनी पाना पुसत सांगितलं, "ते काम इथे होत नाही." तो बराच वेळ समजावत राहिला. शेवटी "मग तुम्ही बसा इथेच भिंतीला टेकून" असं म्हणून निघून गेला.

"असे किती जातात?" मी विचारलं.

"तुझा बाप संत आहे गं," काका म्हणाले. "आम्ही पण झालो त्याच्या नादाने. वाट लागली."

मला त्या क्षणी कळलं की मी काय करून ठेवलंय. काळा धूर सोडणारे ट्रक त्या भिंतीपाशी दिसतात, कारण ते तिथे बरे व्हायला येतात. दवाखान्याबाहेर खोकणारी माणसं बघून मी डॉक्टरला हाकला म्हणून लिहिलं होतं. हे चौघे उठले तर ट्रक काय चालायचे थांबणार होते? तेच ट्रक तसेच काळे होऊन त्याच शाळेवरून गेले असते, आणि जाळी काढून देणाऱ्यांचा धंदा वाढला असता.

पाहणीला साहेब आले ते सकाळी अकराला, आणि बरोबर टॉवरचे सेक्रेटरी. पांढरा टी-शर्ट, हातात माझं पत्रक. तेवढ्यात नाक्याकडून रेतीचा एक जुना ट्रक वळला, मागे काळा लोट सोडत. सेक्रेटरींना बोलावं पण लागलं नाही, त्यांनी फक्त हात केला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. मी मनात म्हटलं, संपलं.

पप्पा पुढे झाले. "साहेब, हा आत्ता आलाय. जाताना बघाल का? दोन तास द्या."

"मला दोन तास नाहीत."

मग मी पुढे झाले. "सर, पत्रक माझं आहे. मी लिहिलंय. आणि ते चुकलंय."

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं, मग पप्पांकडे. नाक सारखं आहे आमचं. "हे तुमचे वडील वाटतं? म्हणून आता चुकलं होय?"

"हो, वडील आहेत म्हणूनच कळलं," मी म्हटलं. "नसते तर कधी कळलं नसतं, त्याची जास्त लाज वाटते. पण तुम्ही माझ्या शब्दावर या चौघांना उठवताय ना? मग माझाच शब्द ऐका. दोन तास द्या. नंतर हा ट्रक काळा निघाला तर जागा खाली करायच्या कागदावर पहिली सही माझी."

काका मागून पुटपुटले, "हिला कोणी विचारलं सहीचं?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. नाल्याच्या पुढच्या टोकाला आणखी एक पाहणी होती, ती करून येतो म्हणाले. सेक्रेटरी मात्र हलले नाहीत. उन्हात उभे राहून बघत बसले. पप्पांनी एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला, तेव्हा त्यातून एवढी धूळ पडली की सेक्रेटरी दोन पावलं मागे सरले. काकांनी सहाच्या सहा नॉझल तपासल्या. दोन टपकत होत्या. एक दुरुस्त झाली, दुसरी होईना. काकांनी ती तीनदा खोलली, तीनदा लावली, आणि तीनदा थेंब. मी तोवर मनात सही करून मोकळी झाले होते. शेवटी पप्पा म्हणाले, "टाक ती. माझ्या पेटीतली नवीन घाल." ती त्यांनी दुसऱ्या ट्रकसाठी जपून ठेवली होती.

साहेब परत आले तेव्हा ट्रकचं इंजिन तापवून तयार होतं. पप्पांनी रुमाल बांधलेली काठी स्वतः धरली नाही. ती साहेबांच्या हातात दिली. ड्रायव्हरने रेस दिली, सोडली, परत दिली. इंजिन गरजलं. साहेबांनी रुमाल सोडवून उजेडात धरला. अगदी पांढरा होता असं मी म्हणणार नाही, पत्रकात म्हटलं असतं. फिकट राखाडी गोल उठला होता, चहाच्या कपाचा उठतो तसा.

"जुना आहे," पप्पा म्हणाले. "याहून साफ होणार नाही. होतो म्हणून सांगणारा खोटं बोलतो."

माझ्या मते त्या वाक्याने जागा वाचली, माझ्या भाषणाने नाही. साहेबांनी विचारलं, "बरं, मग अटी काय घालू तुम्हाला?" आणि माझ्या बापाने स्वतःच सांगायला सुरुवात केली. काम नसताना इंजिन चालू ठेवायचं नाही. ऑइल ड्रममध्ये, नाल्यात एक थेंब नाही. एका वेळी चारच ट्रक. काम झालेला ट्रक लगेच हलवायचा. साहेब लिहून घेत होते. काका डोळे मोठे करून बघत होते, कारण नोटिशीत सुद्धा एवढं नव्हतं.

सेक्रेटरींनी पत्रकाची घडी केली. "आमच्या मुलांना त्रास होतो म्हणून तक्रार केली होती," ते मला म्हणाले. "मजा म्हणून नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी पण त्याचसाठी लिहिलं होतं."

साहेबांनी कागदावर शेवटची ओळ लिहिली: तूर्तास कारवाई स्थगित. तूर्तास! ते निघून गेल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ही काय पद्धत आहे, तूर्तास म्हणजे काय, उद्या दुसरा साहेब आला की परत तेच, आपण कायमचं लेखी मागायला हवं होतं, अटी घातल्या तर हक्कही द्या म्हणायला हवं होतं, मी उद्याच अर्ज टाकते, आणि पत्रक जितक्या दारांत गेलं तितक्या दारांत दुसरं मी स्वतः नेऊन देते, टॉवरमध्ये सुद्धा.

"टाक की अर्ज," पप्पा म्हणाले. "मी इथे तीस वर्षं तूर्तासच बसलोय."

तोवर पुढचा ट्रक भिंतीला लागला होता. आठवडाभर वाट बघून थांबलेला, ज्याची नॉझल रेतीवाल्याला गेली होती तो. पप्पा ताडपत्री पसरून त्याच्याखाली शिरले. बाहेर फक्त चपला दिसत होत्या.

"बोलून झालं असेल तर वर चढ," खालून आवाज आला. "आणि मी सांगेन तेव्हा रेस दे. हळू हळू. भाषणासारखी नको."

मी ओढणी कमरेला बांधली आणि केबिनमध्ये चढले.