माझ्या हातावरचा इसार

आमच्याकडे सौदा नुसत्या तोंडानं होत नाही. माहेर माझं चांदूर बाजारकडचं. संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला द्यायचा ठरला की भावाची घासाघीस पुरुषमाणसं करत, पण इसार ठेवला जाई तो घरातल्या मोठ्या बाईच्या हातावर. एक रुपया आणि नारळ. तिनं तो देवापाशी नेऊन ठेवला की सौदा पक्का. मग दुसरा व्यापारी दारात गाडी घेऊन उभा राहिला आणि दीडपट भाव सांगू लागला तरी त्याला पाणी पाजून वाटेला लावायचं.

लग्न होऊन अमरावतीला आले, इतवारा बाजारात भाजी घेऊन बसले. शाळा सातवीपर्यंतच झालेली. बाकीचं वाचन भाजी बांधायच्या रद्दीवर. गिऱ्हाईक नसलं की कागद उलगडायचा, वाचायचा, मग त्यातच मिरच्या बांधून द्यायच्या. त्यामुळे कितीतरी बातम्यांचा शेवट मला आजवर माहीत नाही. पण माणूस वाचायला शिकले. समोरचा वांगी उलटीपालटी करतो आहे तो घेणार आहे की वेळ घालवतो आहे, हे त्याच्या बोटांवरून कळतं.

हे सांगायचं कारण, पुढं हेच माझ्या कामी आलं आणि हेच अंगाशी आलं.

मुलगा इंजिनियर झाला, दुबईला गेला. आधी नोकरी केली, मग तिथंच स्वतःची कंपनी काढली. डाळीतले काळे, डागी दाणे कॅमेऱ्यानं हेरून हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवणाऱ्या मशिनी विकतो. आता अशा मशिनी कोणाला लागतात? अकोल्याला. तिथं दालमिला काय कमी आहेत! पण अकोल्याचा मिलवाला फोनवरच्या आवाजाला पैसे पाठवत नाही. तो विचारतो, “माणूस कोण? घर कुठं?”

म्हणून मुलगा त्यांना माझ्याकडे पाठवू लागला. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, भाजीचं दुकानही गुडघ्यांनी बंद पाडलं होतं. घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. आणि एकाएकी मिलवाले येऊ लागले. चहा, पोहे, गप्पा. कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाच्या मिलला वीज किती वेळ नसते, सगळं मला ठाऊक. मुलानं सांगून ठेवलं होतं, “आई, भाव एवढ्यापर्यंत उतरव. पुढं तुह्या मनानं.” मी उतरवायची. फार नाही. जमलं की मिलवाला रुपया-नारळ काढायचा, मी पदर पुढं करून घ्यायची, देवापाशी ठेवायची आणि म्हणायची, “झालं समजा.” मग तिकडून कागद निघायचे, पैसे जायचे, मशीन यायची.

आणि रोज दिवेलागणीला मुलाचा फोन.

“आई, तो काय म्हणून राहिला?”

“घेते तो. तोंड पाडून बसला होता, पण जाताना मशीन कुठं ठेवायची ते विचारून गेला.”

“मंग थांबू?”

“थांब. आपण नाही हलायचं.”

असा अर्धा-अर्धा तास. मधेच तो विचारायचा, जेवली का? मधेच मी विचारायची, खोकला गेला का? धंद्याच्या बोलण्यात हे असं मिसळून जायचं, वरणात मीठ मिसळावं तसं. वेगळं काढून कोणी खाल्लं नसतं.

मग तिकडे दुबईतही कंपन्यांवर कर लागू झाला. त्याच्या तिथल्या हिशेबनीसानं सगळे व्यवहार उलगडले आणि विचारलं, भारतातले सौदे कोण करतं? हा म्हणाला, माझी आई. हिशेबनीस हसला नाही म्हणे. म्हणाला, आधी तिकडच्या सीएला विचारा.

मुलानं इथलीच एक सीए मुलगी शोधली. ती घरी आली. तरतरीत पोरगी, चपला दाराबाहेर नीट जोडीनं ठेवणारी. फोनवर मुलगा होताच, तो फोन मी पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला.

“काकू, भाव कोण ठरवते?” तिनं विचारलं.

“मी. म्हणजे तो सांगते, पण उतरवते मी.”

“आणि सौदा पक्का कुठं होते?”

“देवापाशी.”

ती लिहायची थांबली. मी मोठ्या हौसेनं इसाराचं सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, पोरीला आमची रीत जुनाट वाटली.

“काकू,” ती म्हणाली, “दोन देशांनी आपसात ठरवलेलं आहे. कंपनी दुबईची, तर तिच्या धंद्याच्या नफ्यावर कर दुबईतच. पण तिचा माणूस इथं बसून, तिच्या वतीनं, नेहमी सौदे पक्के करून राहिला असंन, तर सरकार म्हणते की कंपनी इथंही बसली आहे. मग इथल्या सौद्यांपुरता कर इथं.”

“म्हणजे मी दुकान आहे?”

“तसंच समजा.”

“अव माय! ना पाटी, ना गल्ला!”

“पाटी नाही लागत.”

“पण मी पगार कुठं घेते? माय म्हणून करते.”

“पगाराचा प्रश्न नाही, काकू. ‘हो’ कोण म्हणते, त्याचा आहे.”

तांब्याला टेकलेला मुलगा हसला. मीही हसले. अख्खी कंपनी माझ्या पाटावर बसली आहे, हे ऐकून खरं तर मला थोडं बरंच वाटलं.

झालेल्या सौद्यांचं मुलानं लगेच सांगितलं. “जे झालं ते दाखवून द्या. बसंन तो कर भरू.” बरं वाटलं. इतवाऱ्यात आमचं वजनाचं माप कोणी कधी परत तोललं नव्हतं, त्याच घरचं पोरगं आहे.

मग पुढचं निघालं. सीए मुलीनं दोन रस्ते सांगितले. एक, इथं अमरावतीत रीतसर कंपनी काढायची, मला तिच्यात घ्यायचं आणि तिचा कर इथंच भरायचा. दुसरा, नागपुरात एकजण आहे, पुष्कळ कंपन्यांच्या मशिनी विकतो, त्याला हे काम द्यायचं. तो स्वतःच्या धंद्यात बसलेला माणूस, त्याचं ‘हो’ दुबईच्या अंगावर येत नाही.

मी तांब्याकडे बघत होते. मला वाटत होतं, त्यानं पहिला रस्ता म्हणावा. तोंडानं काही बोलले नाही. भाव करताना आपल्याला काय हवं आहे ते आधी दाखवायचं नसतं, ही सवय. घरातही गेली नाही.

“एवढ्याशा कामासाठी तिथं कंपनी, ऑडिट, दरवर्षीचं लचांड... नाही परवडणार,” तो म्हणाला. “नागपूरवाल्यालेच देऊ. आई, तुले पण आता आराम.”

आराम. त्याच्या मनात माया होती, मला दिसत होतं. मी म्हणाले, “हाव, बरंच झालं. गुडघे दुखतेच माहे.”

जाताना पोरगी दारात चपला घालत म्हणाली, “काकू, कोणी आलं तर चहा पाजा. पण ‘हो’ म्हणू नका.”

महिनाभरानं अकोल्याचा एक मिलवाला आला. पहिली मशीन त्यानं माझ्याच हातावर रुपया ठेवून घेतली होती, आता दुसरी हवी होती. चहा झाला. त्यानं पिशवीतून नारळ काढला.

“काकू, करा हात पुढं.”

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. “मले नाही घेता येत.”

“काहून? भाव वाढवला का पोरानं?”

“भावाचं मले विचारू नका, भाऊ. नागपूरले जा, तिथं त्याचा माणूस आहे.”

“तो तुमचा कोण लागते?”

“कोणी नाही.”

“मंग मी कायले जाऊ त्याच्याकडे?” त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि एकदम हसला. “अरे बाप्पा! दुबईवाल्यानं मायलेच कामावरून काढलं का?”

दोघंही हसलो. चांगलं हसलो. मग त्यानं रुपया खिशात परत टाकला आणि नारळ ओट्यावर ठेवला. “हा सौद्याचा नाही. असाच. देवाले फोडजा.”

तो नागपूरला गेला की नाही, मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारणं चालतं की नाही तेच कळेना. मिलवाले हळूहळू यायचे थांबले. रोजचा फोन आधी दोन दिवसांआड झाला, मग रविवारचा. त्याचा काही दोष नाही. त्याला कामं आहेत आणि आमच्यातलं काम संपलं. आता फोन आला की दोन-चार वाक्यांत आम्ही ‘अजून काय?’पाशी येतो.

“जेवली?”

“हो. तू?”

“हो. अजून काय?”

एवढी बोलकी बाई मी, पण हे ‘अजून काय?’ आलं की डोकं रिकामं होतं. दिवसभर कोणी येत नाही, तर सांगायचं काय? घड्याळाचं सांगू?

एका रविवारी मात्र आठवलं. “अरे, तो नारळवाला मिलवाला आहे ना, तो एकटा काही ठरवत नाही. मोठा भाऊ मूर्तिजापूरले राहते, त्याले विचारल्याशिवाय त्याची मान हलत नाही. नागपूरवाल्यानं आधी मोठ्याले भेटावं. एवढं सांगतलेलं चालते का रे?”

तो म्हणाला, “चांगलं सांगतलं, आई. पण थांब, विचारून सांगतो.” आवाज जुन्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी खुर्ची फोनपाशी ओढून बसले. त्याचा फोन आला नाही. सीए मुलीचा आला.

“काकू, नुसती माहिती सांगाले हरकत नाही. तुमच्या मुलानं मलेच सांगाले लावलं, ते मीटिंगमध्ये आहेत. फक्त भाव बोलू नका अन् हो-नाही म्हणू नका.”

“नाही म्हणत व माय,” मी म्हटलं. “तू जेवली का?”

ती घाईत होती. तरी म्हणाली, “हो, काकू.”

फोन ठेवून मी बसल्या बसल्या मिलवाले आठवले. कोण उधार मागतो, कोणाचा जावई आता गादीवर बसतो, कोणाला अमावास्येला सौदा चालत नाही. पुष्कळ निघालं. सगळं एकाच रविवारी सांगून टाकायचं नाही, असं ठरवलं आहे. एका रविवारी एकच.