दहा शब्दांची मोजणी

आमच्या सिनेगॉगमध्ये दाऊदकाका माणसं बोटांनी मोजत नाहीत. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, म्हणून ते दहा शब्दांचं एक वचन पुटपुटतात आणि प्रत्येक चेहऱ्यावर एकेक शब्द ठेवत जातात. माणसं मोजली की दृष्ट लागते, असं आमच्यातली जुनी माणसं मानतात. परवाच्या शनिवारी वचन आठव्या शब्दावर अडलं. काका कितीतरी वेळ दाराकडे बघत राहिले.

रविवारी मी त्यांच्याकडे अर्ज घेऊन गेले. सरकारी फॉर्मवर धर्माच्या रकान्यात आम्हाला 'इतर' लिहावं लागतं. तिथे 'ज्यू' यावं, ही आमची मागणी. सोबत समाजातल्या सगळ्यांची यादी जोडायची होती, नाव-पत्त्यासकट. काकांनी चष्मा लावला आणि कागद उलटून मागची कोरी बाजूही नीट पाहिली.

"ही यादी कुणाच्या कपाटात राहणार?"

"सरकारच्या, काका."

"आजच्या, की उद्याच्या?"

मी कागद पुन्हा सुलटा करून त्यांच्यापुढे ठेवला. या किनाऱ्यावर आमच्या वाडवडिलांनी तेल गाळलं, शेजाऱ्यांच्या लग्नांत पंगती वाढल्या. कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. तरी दुसऱ्या देशांतल्या याद्यांचं पुढे काय झालं, हे आमच्या घरांत पोराबाळांनाही ठाऊक असतं. आणि यादीत नसलेल्याला हक्क मागता येत नाही, हेही.

शेवटी काकांनी सही केली, सावकाश, पूर्ण नावानिशी. कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आपण किती उरलो, ते इतकी वर्षं मी तोंडातल्या तोंडात ठेवलं होतं गं. आता त्यांनाही कळणार."