सीलबंद बाटली आणि आईची लुगडी

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रेडमंडला आम्हा महाराष्ट्रातल्या बौद्ध कुटुंबांचं एक छोटं मंडळ होतं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, वंदना घ्यायची, जेवायचं आणि नागपूरच्या मुलींच्या वसतिगृहासाठी मदत गोळा करायची. त्या वसतिगृहात राहून मी शिकले होते. त्यामुळे हे काम माझंच, असं मी धरून चालले होते आणि बाकीचेही मला तसं चालू देत होते. मग अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाच्या हर्नडनहून ती आली.

तिच्या नवऱ्याला इथे सॉफ्टवेअरची नोकरी लागली होती. माझ्याहून वयाने बरीच लहान, बोलायला चटपटीत, आणि मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणणारी. दुसऱ्याच बैठकीत तिने लिलावाची कल्पना काढली. ती मलाही पसंत पडली, कारण माझ्याकडे वस्तू होती. आई गेल्यावर भावाने तिची चार लुगडी पाठवली होती. आईने पोटाला चिमटा काढून मला ज्या वसतिगृहात ठेवलं, त्याच्याच उपयोगी ती पडावीत असं वाटलं. तो सगळा पावसाळी हिवाळा मी गोधडी शिवत बसले. लिलावात सगळ्यात मोठी बोली आईच्या गोधडीवर लागावी, एवढंच मला हवं होतं.

पुढच्या बैठकीत तिने जाहीर केलं की नवऱ्याच्या मॅनेजरने वाइनची एक जुनी, भारी बाटली लिलावासाठी दिली आहे.

मी लगेच म्हणाले, "आत्ताच आपण पंचशील म्हटलं. पाचवं शील काय सांगतं? मद्यापासून दूर राहा."

"ताई, पिणार कोण आहे? फक्त ऑक्शन करायचंय. लॉमध्ये अलाउड आहे, मी चेक केलंय. नॉनप्रॉफिटला परमिट मिळतं. बाटली सीलबंद ठेवायची आणि हॉलमध्ये उघडायची नाही, बस."

मंडळातले सर्वात ज्येष्ठ म्हणजे काका. ते मोडता घालतील अशी मला आशा होती. काकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "उघडायचीच नाही म्हणजे शीलही शाबूत. परमिट काढ, बेटा." त्याआधी पाचव्या शीलाचा एवढा पुळका मला कधीच आला नव्हता, आणि त्या दिवशी तो एकटीलाच आला.

मग ती परमिटच्या मागे लागली. मद्य खात्यात चकरा मारल्या, फोन केले, आणि परमिट घेऊन आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बोटांना सुया टोचत होत्या, त्यावर कुणी टाळी वाजवली नव्हती.

लिलावाच्या दुपारी भाड्याच्या हॉलमध्ये एका टेबलावर गोधडी आणि शेजारी रिबीन बांधलेली बाटली. नवऱ्यांच्या ऑफिसमधले अमेरिकन लोकही आले होते. ते गोधडीवर हात फिरवायचे, 'ब्यूटिफुल' म्हणायचे आणि बाटलीकडे वळायचे. ती बाटलीपाशी उभी राहून प्रत्येकाला कायदा समजावत होती, आणि लोक तोही हौसेने ऐकत होते.

आधी गोधडी निघाली. बोली लावायला हात वर झाला तो तिचाच. लिलाव पुकारणाऱ्या काकांनी तीनदा विचारलं, दुसरं कुणी बोललं नाही. आईची चारही लुगडी पहिल्याच बोलीत तिच्या घरी गेली.

मग बाटली. ती चढतच गेली. शेवटी दोघेच उरले, एक गोरा मॅनेजर आणि दुसरा माझा नवरा. खोकल्याचं औषध घेताना तोंड वाकडं करणारा हा माणूस परत परत हात वर करत होता. शेवटी बाटली त्यालाच मिळाली.

गाडीत मी विचारलं, "हे कशासाठी?"

"हॉस्टेलसाठीच ना. आणि तिने त्या परमिटसाठी किती धावपळ केली, यार."

"आणि गोधडी?"

"आपलीच गोधडी मी कशी विकत घेणार?"

माझा जळफळाट घरी पोचेपर्यंत थांबला नाही.

ती बाटली आमच्या फडताळात पोह्यांच्या डब्यामागे पडून राहिली. आम्ही पीत नाही, आणि फेकवतही नव्हती. एकदा मी तिला फोनवर म्हटलं की विकून टाकते. ती हसून म्हणाली, "ताई, तुम्हाला नाही विकता येणार. ते फक्त नॉनप्रॉफिटला अलाउड आहे." म्हणजे तिची बाटली मला कायद्याने चिकटली होती.

वर्षभराने तिला मुलगी झाली. बाळ पाहायला गेले. बाळ माझ्या गोधडीत झोपलं होतं. वरची पट्टी आईच्या हिरव्या लुगड्याची, तिचा काठ बाळाच्या मुठीत. मी काठ हळूच ओढून पाहिला. मूठ आणखी आवळली.

"राहू द्या ताई," ती कुजबुजली, "त्याशिवाय झोपतच नाही ती."

तिचा हेवा तर मला रोजचाच होता. त्या दिवशी तिच्या बाळाचाही वाटला. आईच्या लुगड्यात तोंड खुपसून मी शेवटची कधी झोपले होते, ते मला आठवेना.