संघप्रियाचं दुसरं नाक

संघप्रिया पूर्णा जंक्शनवर तिकीट खिडकीत बसते. वय एकोणचाळीस. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की ती पुढच्या गाडीची वेळ सांगते. मी तिला शाळेत इंग्रजी शिकवलं आहे, तेव्हा गोड गोड लिहिणार नाही. तिला ते चालायचंही नाही.

लहानपणापासून तिला नकटी म्हणत. वर्गात म्हणत, लग्नाच्या पंगतीत म्हणत, आणि वर त्यांना वाटे आपण लाडानं म्हणतोय. पस्तिशीत तिनं पुण्याच्या एका दवाखान्यात नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. कुणाला विचारलं नाही. मला विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते, हेही कबूल करते.

डॉक्टरनं नाकात सिलिकॉनची पट्टी घातली. वर्षभरात ती सरकली. शेंडा उजवीकडे वळला, डावी नाकपुडी आत ओढली गेली आणि तिच्यातून श्वास जाईना. आवाज गेंगाणा झाला. खिडकीपलीकडून माणसं दोनदोनदा विचारत, "काय म्हणलात, बाई?" करोना केव्हाच संपला, हिचा मास्क काही उतरला नाही. त्या डॉक्टरकडे ती तीन वेळा गेली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, मूळ नाकच तसं होतं, त्याला मी काय करू?

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, झाली तेवढी शोभा पुरे. धाकटा भाऊ सिद्धोधन चुडाव्याच्या शाळेत मास्तर. दोन वर्षांपूर्वी तो हैदराबादला जाऊन टकलावर केस लावून आला, तेव्हा याच घरात पेढे वाटले होते. संघप्रियानं तो विषय काढला तर म्हणाला, "पुरुषाचं वेगळं असतंय, ताई."

ती ऐकणारी नव्हती. बिघडलेली नाकं दुरुस्त करणारा एक डॉक्टर तिनं बँकॉकला शोधून काढला. फोटो पाठवले, स्कॅन पाठवलं. त्यानं कळवलं की बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढून नाकाला आतून टेकू देतो, श्वास नीट होईल, पण अगदी सरळ नाकाचं वचन देत नाही. हे तिनं मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "मॅडम, पयल्यांदा कुणीतरी खरं बोलायलंय." लगेच रजा टाकली, रेल्वेकडून परदेशी जायची परवानगी काढली.

इथे सिद्धोधनानं घोळ घातला. बहीण बँकॉकला कशाला चालली असं विहारात कुणी विचारलं, तर लाजेपायी हा म्हणाला, बुद्धदर्शनाला. थायलंडच्या मूर्ती आमच्याकडे किती तरी विहारांत आहेत, शंका यायचं कारणच नव्हतं. निघायच्या दिवशी महिला मंडळाच्या अध्यक्ष धम्मशीलाताई पांढरी साडी नेसून, पंधरा बायका घेऊन दारात हजर. फुलं, मेणबत्त्या, आणि येताना आपल्या विहाराला हातभर मूर्ती आण असा आग्रह. संघप्रियानं तोंड उघडायच्या आत गळ्यात हार पडला. गाडीला दोन तास होते. ती गप्प बसली. ती तिची चूक, आणि मी तिला फोनवर तसं सुनावलंही.

पंधरा दिवसांनी परत आली. डोळ्यांखाली पिवळे डाग, नाकावर बारीक पट्टी, बरगडीपाशी टाके. खोकली की कळ. आणि इकडे पौर्णिमेला विहारात तिच्या सत्काराचा फलक लागलेला, फोटोखाली 'धम्मयात्री'. सिद्धोधनानं इंटरनेटवरून तिथल्या विहारांची माहिती काढून भाषणसुद्धा लिहून ठेवलेलं. फक्त वाच, म्हणाला. पट्टीचं विचारलं तर पडले म्हण. आईनं हात जोडले. तीन-चार वर्षं तोंड झाकून काढली, आता श्वास मोकळा झाला, तर घरचेच पुन्हा झाकायला निघाले होते.

विहार भरला होता. अध्यक्षस्थानी मला बसवलेलं. आमच्याकडे लग्न असो की नामकरण, त्रिशरण-पंचशील घेतल्याशिवाय काही सुरू होत नाही. सगळे हात जोडून उभे राहिले. पहिली तीन शीलं संघप्रियानं खणखणीत म्हटली. चौथं आलं, "मुसावादा वेरमणी", खोटं बोलण्यापासून दूर राहीन. तिथे तिचा आवाज थांबला. पाचवंही तिनं म्हटलं नाही.

शाल घेऊन धम्मशीलाताई पुढे आल्या तेव्हा तिनं माईक ओढून घेतला.

"जयभीम. मी दर्शनाला गेले नव्हते. नाक करायला गेले होते. पुण्यात केलेलं बिघडलं, म्हणून तिकडं केलं. अकरा दिवस खोलीत पडून होते, एकही विहार बघितला नाही, मूर्तीही आणली नाही. सत्कार यात्रेचा असला तर मला घेता यायचा नाही. नाकाचा असला तर घेते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सिद्धोधन उठून बाहेर गेला. रेल्वेतून निवृत्त झालेले रंगनाथराव उभे राहिले आणि समाजातल्या शिकल्यासवरल्या बाईनं असल्या नादाला लागावं का, यावर बोलू लागले.

"काका, तुमी दात बसवले तेव्हा आमी सभा घेतली होती का?" संघप्रियानं माईकवरूनच विचारलं.

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. काका बसले.

धम्मशीलाताई मात्र हसल्या नाहीत. मूर्तीसाठी त्यांनी मागे लागून ओटा बांधून घेतला होता. "हार घालताना बोलली का न्हाईस?" त्यांनी विचारलं.

"भ्याले, ताई. ते माझं चुकलं. नाकाचं चुकलं न्हाई."

ताईंनी हातातली शाल उलगडली. मग हळूच म्हणाल्या, "श्वास तरी येतो का आता?"

संघप्रियानं उजवी नाकपुडी बोटानं दाबली आणि डावीनं श्वास ओढला, माईकसमोरच. तो आवाज चारही भोंग्यांतून विहारभर गेला. ताईंनी शाल तिच्या खांद्यावर टाकली, पण राग काही गेला नव्हता. "मूर्तीचं आमी बघून घेऊ," एवढं बोलून खाली उतरल्या.

नाक अगदी सरळ झालेलं नाही. उजेडात शेंडा जरा कललेला दिसतो आणि तो ती स्वतःच आधी दाखवते. सिद्धोधन महिना झाला तिच्याशी बोलत नाही. आई दोघांची ताटं वेगवेगळ्या खोल्यांत नेते. परवा मी म्हटलं, मोठी आहेस, तूच माफी मागून टाक.

"कशाची, मॅडम? खरं बोलले म्हणून तो रुसला. आता चुकलं म्हणले, तर ते खोटंच होईल की."