जिरॅनियमचं वाण

धुळ्याच्या देवपुरातल्या दीपमालाताईंना झाडांच्या दुखण्यातलं कळतं असं सगळी गल्ली मानत होती. त्या स्वतःही मानत होत्या, हे जास्त वाईट. वनस्पतिशास्त्राची पदवी, आणि धुळ्याच्या उन्हात हिरव्या जाळीखाली वर्षानुवर्षं जगवलेलं जिरॅनियम; ही काही चेष्टा नव्हे. पानामागे मावा दिसला की पाण्याचा सणसणीत फवारा. कळीत अळी शिरली की चिमट्यानं उचलून साबणाच्या पाण्यात. बस्स.

हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे कसले लुटायचे, म्हणून यंदा त्यांनी एका धष्टपुष्ट झाडाच्या फांद्या कपांमध्ये रुजवल्या आणि संक्रांतीला वाण म्हणून लुटल्या. बायका खूश.

फेब्रुवारी सरता सरता तेच झाड दुपारी माना टाकू लागलं. तहान असेल, म्हणून पाणी वाढवलं. मग पानांवर बारीक ठिपके आले. तांबेरा समजून ताईंनी पानं खुडली. पण तांबेऱ्याची तपकिरी भुकटी बोटाला लागते, इथे बोट कोरडंच. पुढे पानाच्या कडेपासून देठाकडे निमुळती पिवळी पाचर उमटली आणि खोड बुडातून काळं पडलं. तेव्हा कुठे त्या कृषी महाविद्यालयातल्या एका ओळखीच्या सरांकडे गेल्या.

"जिवाणूचा करपा आहे," सर म्हणाले. "याला औषध नाही. उपटा आणि जाळा. याच्या फांद्या कुणाला दिल्यात का?"

"वाण म्हणून दिल्यात."

"मग त्याही उपटायला सांगा. ठणठणीत दिसल्या तरी."

गल्लीतल्या बहुतेकींची रोपं आधीच मेली होती, उरलेल्यांनी निमूट टाकून दिली. राहिली मंदाबाई. पूर्वीची शेजारीण, नवरा लीलाधर एसटीतून निवृत्त झाल्यावर सोनगीरला शेतावर राहायला गेलेली, हळदीकुंकवाला मुद्दाम आलेली. आणि लीलाधरनं तिथे सुगंधी तेलासाठी जिरॅनियमच लावलेलं! ताईंनी दुसऱ्याच दिवशी सोनगीर गाठलं.

वाणाचं रोप शेताच्या पहिल्याच सरीत, मानानं लावलेलं होतं.

"याले काय व्हयेल शे?" मंदाबाई म्हणाली. "देखा, कसं हिरवंगार शे!"

"रोग आत असतो गं. वरून दिसत नाही. उपट आणि जाळ ते, नाहीतर तुझं सगळं शेत जाईल."

"वाण दिन्हं ते दिन्हं. परत मांगाले तुम्हले काही वाटत नही का?"

"बदल्यात साडी देते. चांगली देते."

"साडी ठेवा तुम्हनी!" मग मंदाबाईचा आवाज एकदम खाली आला. "यास्नं आत्तेच हृदयनं ऑपरेशन व्हयनं. सवाशीननं वाण मी जाळू?"

असल्या समजुतींची सालटी काढायला ताईंना एरवी क्षण लागत नसे. वाक्य जिभेवर तयारही होतं. तेवढ्यात लीलाधर पंपाकडून आला. बनियनच्या गळ्याबाहेर छातीवरच्या टाक्यांचा व्रण, अजून गुलाबी. वाक्य आतच राहिलं.

त्यांनी लीलाधरला पुन्हा सगळं सांगितलं, पाचर, काळं खोड, सर काय म्हणाले ते. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"डाग दिसला की लगेच फोन करतो, ताई."

"डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, भाऊ."

"मग तुम्हीच सांगा काय करू. हे उपटलं तर ही अन्नाला शिवायची नाही. आणि उद्या मला साधा ठसका जरी लागला ना, तर आयुष्यभर त्या झाडाचंच नाव घेईल."

करप्याला औषध नाही हे निदान सरांनी तरी सांगितलं होतं. याला औषध नाही, हे सांगणारंही कुणी नव्हतं. आणि वाण तर आपणच लुटलं होतं, कुंकू लावून, ओटी भरून.

"रागावू नका, ताई," मंदाबाई म्हणाली. तिचा राग गेला होता. सरीत एके ठिकाणी रोप मरून जागा रिकामी पडली होती. बोलता बोलता तिनं वाणाच्या झाडाचा जाडसा शेंडा मोडला, त्या जागेत खोचला आणि टाचेनं माती दाबली.

"चला घरात," ती म्हणाली, "चहा मांडस."