तबकडी संपल्यावरचं गाणं

या सदरातले अनुभव मी आजवर हसत वाचत आलो. भुतंखेतं, भास... छे! मी बॅटऱ्या आणि वायरींमध्ये हयात घालवलेला माणूस. आवाज आला म्हणजे मागे कुठेतरी वायर असणारच, एवढंच मला माहीत. तरी आज लिहितोय — आणि लिहिताना भीतीपेक्षा लाजच जास्त वाटते आहे.

वऱ्हाड मध्यप्रांताबरोबर होता तेव्हाची गोष्ट. चिखलीत लाऊडस्पीकरवाला मी एकटाच, आणि त्याची मला फार घमेंड. कापसाच्या बाजारात एका दुपारी रहीममियाँ या गवयाचं गाणं ठेवलं होतं. भोंग्यातून मोठा होणारा आवाज ऐकायलाच निम्मं गाव लोटलं होतं. मियाँ मलकापूरला आगगाडीतून उतरले तेच बसलेला घसा घेऊन. तोंडाजवळ कान नेला तरी नुसती हवा! त्यांनी हात जोडून खुणेनं सांगितलं, लोकांची माफी मागून टाक.

माझ्याकडे ग्रामोफोन होता, आणि मियाँचीच तबकडी. म्हटलं, "मियाँ, तुमी नुसते ओठ हालवा. कोनाले कळते!" माईकची वायर काढली, ग्रामोफोनची जोडली. बिचारे मान खाली घालून बसले.

भोंग्याजवळ कासमचाचा बसले होते. अमडापूरचे पिंजारी, लहानपणी देवीत डोळे गेलेले, खास या गाण्यासाठी बैलगाडीनं आलेले. पहिल्याच ओळीला ओरडले, "वा मियाँ! हे एकडाव अजून म्हना!"

मी मनात हसलो. तबकडी कुठं कोणाचं ऐकते?

ओळ पुन्हा आली. सुई अडकली की तेच ते, तसंच्या तसं वाजतं. हे तसं नव्हतं... सावकाश होतं, एक नवीनच वळण घेऊन. चाचांनी पुन्हा मागितली, पुन्हा आली, आणखी निराळी. मी घाबरून सुईचा दांडाच उचलला. दांडा माझ्या हातात, तबकडी नुसतीच फिरते आहे, माईकची वायर पायाशी पडलेली — आणि भोंगा गातोय! लोकांची नजर भोंग्यावर होती; मी मियाँकडे पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि ते माझ्याकडेच बघत होते. ओळ पुरी झाली, मग भोंगा गप्प झाला.

चाचा चाचपडत आले. मियाँचा हात धरून म्हणाले, "तुमची रेकार्ड लय डाव ऐकली जी. पन ते गाते, आपलं ऐकत नाही. आज तुमी माह्यं ऐकलं. एवढ्या दूर आलो, त्याचं चीज झालं."

मियाँच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते जोरजोरात मान हलवत होते... नाही, नाही. एकदा भोंग्याकडे, एकदा माझ्याकडे बोट दाखवत होते. पण चाचांना त्या खुणा कशा दिसणार?

"मियाँ काऊन बोलत नाही?" चाचांनी विचारलं.

खरं सांगू शकेल असा तिथे मी एकटाच होतो. मी म्हणालो, "घसा दुखते त्यायचा. म्हनतात, तुमच्यासाठीच गायलो."

मियाँनी डोळे मिटून घेतले. चाचा त्यांना दुवा देत गाडीत बसले, त्यातली थोडी माझ्या मशिनीलाही दिली. ती मी हसून घेतली.

ती तबकडी अजून माझ्याकडे आहे. कितीदा लावली! दार लोटून, एकटा बसून, "एकडाव अजून" असंही म्हणून पाहिलं. सुई आपली पुढे निघून जाते. त्या दुपारी काय झालं, ते मला आजही कळलेलं नाही. कोणा जाणत्याला कधी विचारलंही नाही... विचारायचं तर मी चाचांना काय सांगितलं, ते आधी सांगावं लागलं असतं.