पोपटी चौकडीचा तागा

साताऱ्याकडचा माणूस समुद्राकाठी नोकरीला आला की आधी माशांच्या वासाला नाक मुरडतो आणि सहा महिन्यांत बोंबलावाचून त्याला घास उतरत नाही. माझंही तेच झालं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथल्या एका ठेकेदाराच्या कचेरीत मी कारकून. सरावलीला एका खोलीत आमचा नवा संसार. पण त्या पगारात एकच चूल धड पेटायची, आणि गावाकडेही एक चूल होती. वडिलांचा निरोप आला, "सूनबाईला इकडं धाडून दे, तुझं खोलीभाडं तरी वाचंल." लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मला तर रडूच फुटलं.

बायको म्हणाली, "रडून काय व्हतंय? माझ्या माहेराहून मशीन आणा. मी शर्ट शिवते, तुम्ही खपवा."

मशीन आलं. कापडासाठी मी पालघरच्या बाजारात गेलो आणि तिथे माझ्यातला व्यापारी नको तेव्हा जागा झाला. दुकानदार म्हणाला, "सगळे तागे उचला, शेठ, फुकटात पडेल." आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला शेठ म्हटलं होतं. मी सगळे उचलले. कापड पोपटी, वर जांभळ्या चौकड्या. बायकोने कपाळावर हात मारला. "अगं बाई! माणसांचे शर्ट शिवायचेत का बुजगावण्याचे?"

पण तिच्या हाताला तोड नव्हती. शर्ट अंगावर असा बसायचा की माणूस रंग विसरायचा. पहिला हेडक्लार्कने घेतला. मग काय, हेडक्लार्क शिंकला तरी रुमाल काढणारी आमची कचेरी! बघता बघता सगळे पोपटी झाले. रोज दारावर बोंबील घेऊन येणारी मावशीही म्हणाली, "बाय, आमच्या नवऱ्याला पन एक शिव. होडीत लांबून दिसल तरी."

नोकरीत असताना दुसरा धंदा करणार नाही, असं मी कंपनीला लिहून दिलं होतं. म्हणून धंदा बायकोचा, मी नुसता नवरा. आमच्या साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण कारकुनांकडे बघायची त्यांना सवयच नव्हती.

मग मुंबईहून मोठे साहेब पाहणीला आले. दारात पाऊल टाकताच थबकले. इकडून तिकडून सारे पोपटी! "वा, युनिफॉर्म!" ते खूश होऊन म्हणाले. आमच्या साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच आमच्याकडे नीट पाहिलं आणि सांगितलं, "माझीच कल्पना, सर." तेवढ्यात साहेबांच्या बंगल्यावर पापलेट द्यायला निघालेला मावशीचा नवरा फाटकात भेटला, तोही पोपटी. मोठ्या साहेबांनी त्याचा हात हातात घेतला. "किस डिपार्टमेंट में हो?"

"सुकवायच्या, सायेब. बोंबील सुकवतो आमी."

"व्हेरी गुड," म्हणाले मोठे साहेब. शिस्त आवडली होती त्यांना. पुढच्या भेटीला साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे याच युनिफॉर्ममध्ये हवेत, असं सांगून ते गेले.

शिवायचं काम आमच्या साहेबांच्या मुंबईच्या साडूकडे गेलं. माझ्याकडे साहेबांचा मेमो आला. नोकरीत असून शिवणकामाचा धंदा चालवता असं कळतं. मशीन ताबडतोब बंद करा, नाहीतर घरी बसा. म्हणजे कल्पना साहेबांची, कापड साडूचं आणि गुन्हा तेवढा माझा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी सुटली तर दोन्ही चुली विझणार. मी मेमो घडी करून खिशात घातला.

मशीन बंद झालं. बायकोने ट्रंक काढली आणि साड्या भरायला घेतल्या. परवाच्या गाडीने ती गावी जाणार होती. मला जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी साडूचे युनिफॉर्म आले, खिशावर कंपनीचं नाव असलेले; म्हणजे आमचे जुने शर्ट बाद. सगळे एकाच मापाचे, आणि ते माप कुठल्या तरी पैलवानाचं. मोठे साहेब चार दिवसांत येणार होते. पालघरच्या शिंप्याने शर्ट पाहिले आणि म्हणाला, "गणपतीनंतर या."

संध्याकाळी दार वाजलं. दारात आमचे साहेब, अंगात पोपटी शर्ट, गुडघ्यापर्यंत आलेला. बाहीतून बोटंसुद्धा दिसत नव्हती. खोलीत खुर्ची नव्हती, म्हणून ते भरलेल्या ट्रंकेवरच बसले.

"वहिनी, जरा तेवढ्या बाह्या..."

"मशीन बंद हाय," बायको म्हणाली. "तुमचाच हुकूम."

"माझी तोंडी परवानगी आहे ना आता."

"तोंडी नको. अहो, तो कागद द्या साहेबांना."

मी मेमो दिला. साहेबांनी बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या, हात बाहेर काढले आणि आमच्या देखत मेमोचे तुकडे केले. मग बायकोने टेप घेतली. "ताठ उभे ऱ्हावा," ती म्हणाली, आणि साहेब उभे राहिले.

ते गेल्यावर मी दाराशी तसाच उभा. ती मशीनला तेल घालत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, ती ट्रंक रिकामी करा आधी. उद्या साऱ्या कचेरीचे शर्ट येतील, ठेवायचे कुठं?"

मी तिच्या साड्या एकेक करून बाहेर काढल्या. डोळे भरून आल्यामुळे मला धड दिसत नव्हतं.

"नीट घड्या घाला," ती म्हणाली.